जुन्या हायस्कूलच्या इमारतीचा इतिहास कसा शोधावा

माझी हयात हायस्कूलच्या ऑफिसात कारकुनी करण्यात गेली. त्यामुळे गावातली जुनी शाळा बंद पडली किंवा पाडायला काढली, की कुणीतरी विचारत येतंच, ‘भाऊ, हिचा इतिहास लिहायचाय. सुरुवात कुठून करू?’

आधी दोन वह्या करा, एक शाळेची आणि एक इमारतीची. यांची सरमिसळ झाली की सगळं बिघडतं. साताऱ्याचं प्रतापसिंह हायस्कूल जुन्या राजवाड्यात भरायचं. भिंती साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळच्या, वर्ग इंग्रज सरकारचे! शिवाय तेव्हा त्याचं नाव गव्हर्नमेंट हायस्कूल होतं, म्हणजे ‘प्रतापसिंह’ नावाने इंग्रजी अमदानीतले कागद धुंडाळून काही हाती लागायचं नाही. दापोलीचं ए. जी. हायस्कूलही साने गुरुजी तिथे शिकत होते तेव्हा मिशनची शाळा होती. म्हणून शाळेची आजवरची सगळी नावं पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मग जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही. इमारत रिकामी झाली तरी रजिस्टर टाकून देता येत नाही. शाळा जिथे हलली तिथल्या कपाटात ते असतंच. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि ऑफिसातच बसून वाचा. थुंकी लावून पानं उलटू नका आणि झेरॉक्सच्या काचेवर दाबू नका, शिवण सुटते. साताऱ्याच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव, म्हणजे आपले बाबासाहेब, दाखल झालं, क्रमांक १९१४. हा नोंदीचा क्रमांक आहे, साल नव्हे. घाईने वाचणारे इथे हमखास चकतात. एखाद्या जूनमध्ये दाखल झालेली मुलं एकदम वाढलेली दिसली, की त्या सुमाराचं संस्थेचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या ठरावांची वही, काढा. नव्या वर्गांचा ठराव, देणगीदार, कंत्राटदार बहुधा तिथेच सापडतात.

सगळे विसरतात ते डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानसुमानाची नोंदवही. माझं सगळ्यात आवडतं. बाकं, फळे, घड्याळ, पितळी घंटा, प्रयोगशाळेचा तराजू अशा प्रत्येक वस्तूपुढे खरेदीची तारीख आणि किंमत असते. एकाच महिन्यात पाचपन्नास बाकं आणि दोन कपाटं आली, तर नवी खोली तयार झाली असं समजायला हरकत नाही. भाषणात काहीही सांगतात; डेडस्टॉक फुगवून लिहिलं तर ऑडिटला उत्तर द्यावं लागतं.

आता इमारतीची वही. कोनशिलेवरची तारीख पायाभरणीची असते, वर्ग पुढे कधीतरी सुरू होतात. मंगळुरी कौल उतरवून पाठ बघा. ‘बासेल मिशन’ आणि ‘१८६५’ असं उमटलेलं दिसलं तर लगेच नाचू नका, ते मिशनचा कौलांचा कारखाना निघाल्याचं साल आहे. कौल त्यानंतर कधीचंही असेल. ‘कॉमनवेल्थ’ असा शिक्का असेल तर मात्र ते पहिल्या महायुद्धानंतरचं, कारण मिशनचे कारखाने त्या कंपनीकडे तेव्हा गेले. लोखंडी तुळयांवरचा रंग खरवडून पाहा. ‘डोर्मन लाँग’ दिसलं तर माल विलायतेतून आलेला. टाटांचा शिक्का असेल तर १९१२ च्या आधीचा नाही, कारण जमशेदपूरला पोलाद त्या साली निघालं. अर्थात, एक तुळई नंतर बदललेलीही असू शकते, म्हणून तीन-चार ठिकाणी बघा.

जागेसाठी भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रक घ्या. ते ऑनलाइन मिळतं, पण खरी मजा सिटी सर्व्हेच्या जुन्या चौकशी नोंदवहीत आहे. जागा मुळात कुणाची, शाळेकडे कशी आली, हे तिथे कळतं. कागद मोडीत असेल तर मोडी वाचणारा गाठा, अंदाजाने वाचू नका. मागूनही देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एकोणिसाव्या शतकातली शाळा असेल तर जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमधलं, म्हणजे सरकारी माहितीग्रंथातलं, शिक्षणाचं प्रकरणही चाळा.

म्हाताऱ्या माणसांना ‘कोणत्या साली?’ असं विचारू नका. साल चुकतं, प्रसंग चुकत नाही. ‘तुमची एस.एस.सी. अकरावीची की दहावीची?’ असं विचारा. दहावीची पहिली परीक्षा मार्च १९७५ ला झाली, तेवढ्यावरून वर्ष आवळता येतं. आमच्या सातारा-कराड भागात ‘ती भिंत भूकंपाच्या आधीची का नंतरची?’ असं विचारलं की पुरे, कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप कुणी विसरलेलं नाही. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला आधी सांगायचं नाही; नाहीतर तो नुसती मान डोलावतो.

रजिस्टरात जाती आणि जन्मतारखा असतात, त्यामुळे पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका. लिहून झालं की एक प्रत शाळेला आणि एक नगर वाचनालयाला द्या. कोणती माहिती कोणत्या वहीतून घेतली ते समासात टिपून ठेवा, म्हणजे पुढच्याला पुन्हा सगळी कपाटं उपसावी लागणार नाहीत.