फोनमधला व्यवसायाचा डेटा: काय क्लाउडवर ठेवावे, काय केबलने उतरवावे

इंदूरच्या दवा बाजारातील वितरक असो, सियागंजातील किराण्याचा ठोक व्यापारी असो किंवा सांवेर रोडवरचा लघुउद्योजक, त्याचे निम्मे दफ्तर आता फोनमध्ये असते: ग्राहकांचे क्रमांक, भेटींच्या वेळा, बिलांचे आणि बिल्ट्यांचे (मालवाहतुकीच्या पावत्यांचे) फोटो, व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरी. हा डेटा संगणकाशी जुळता ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. क्लाउड सिंकमध्ये फोन आणि संगणक दोन्ही इंटरनेटवरून गुगल, ॲपल किंवा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी जोडलेले राहतात. थेट सिंकमध्ये डेटा यूएसबी केबलने अथवा दुकानातल्याच वायफायवरून सरळ संगणकात उतरतो. या दोहोंपैकी एकच काय तो निवडायचा असे अनेक जण धरून चालतात, आणि घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो. निवड डेटाच्या प्रकारानुसार करावी.

१. मूळ प्रत कुठे राहील, ते आधी ठरवा

एका कागदावर संपर्क, कॅलेंडर, फोटो व कागदपत्रे आणि व्हॉट्सॲप अशा चार ओळी लिहा. प्रत्येकीपुढे तो डेटा किती वेळा बदलतो, किती जणांना लागतो आणि आकाराने किती मोठा आहे, हे नोंदवा. जो रोज बदलतो, अनेकांना लागतो आणि आकाराने लहान आहे, त्याची मूळ प्रत क्लाउडवर ठेवावी. जो एकदा तयार झाला की बदलत नाही आणि जागा मात्र भरपूर खातो, तो केबलने उतरवावा. संपर्क व कॅलेंडर पहिल्या गटात येतात, फोटो दुसऱ्या गटात.

२. संपर्क: एकच खाते, आणि तेही फर्मचे

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. अँड्रॉइड फोनमध्ये संपर्क सिमवर, फोनच्या स्मृतीत किंवा गुगल खात्यात साठवता येतो, आणि एकाच मेडिकल स्टोअरचा क्रमांक तिन्ही ठिकाणी, तीन वेगवेगळ्या नावांनी पडलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. सिंक सुरू करण्याआधी कॉन्टॅक्ट्स ॲपमधून सर्व संपर्क व्हीसीएफ फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल संगणकावर ठेवा. पुढे काही बिघडले तर हीच फाइल उपयोगी पडेल. मग सिमवरचे व फोनमधले संपर्क गुगल खात्यात हलवा, ॲपमधील ‘मर्ज अँड फिक्स’ने दुहेरी नोंदी एकत्र करा आणि नवे संपर्क कायम त्याच खात्यात जातील असे डीफॉल्ट खाते निवडा.

संपर्कांसाठी क्लाउड आणि केबल दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत, कारण दोन्हीकडून नोंदी येऊन दुहेरी याद्या तयार होतात. आयफोनने तर हा प्रश्न ठेवलेलाच नाही: आयक्लाउडचे संपर्क चालू असले की केबलने संपर्क सिंक करण्याचा पर्याय बंद होतो.

खाते कोणाचे, हा प्रश्न तंत्राचा वाटत नाही म्हणून मागे पडतो, पण माझ्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. समजा, उज्जैन-देवासचा भाग सांभाळणारा तुमचा प्रतिनिधी स्वतःच्या जीमेलवर ग्राहकांचे क्रमांक साठवतो. तो नोकरी सोडून गेला की ती यादी त्याच्याच खात्यात राहते आणि तिच्यावर तुमचा ताबा राहत नाही. म्हणून कामाच्या फोनवर फर्मच्या नावाचे खाते असावे आणि त्याचा पासवर्ड मालकाकडे असावा. त्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डसोबत फोनवर आलेला ओटीपीही लागेल. गुगल त्यासोबत ओटीपीऐवजी वापरता येणारे १० बॅकअप कोड देते. ते छापून तिजोरीत ठेवा, कारण फोनच हरवला तर ओटीपी येणार कुठे?

३. फोटो आणि कागदपत्रे: केबल

गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटो यांच्यात वाटली जाते. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो त्यातच मोजले जातात. आयक्लाउडची मोफत जागा ५ जीबी आहे. जागा भरली की गुगलच्या खात्यावर नवी मेलही येईनाशी होते, म्हणजे बिल्ट्यांच्या फोटोंपायी ग्राहकाची ऑर्डर अडू शकते.

वेगाचा हिशेबही करून पाहा. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल, तर २० जीबी चढायला सव्वादोन तास लागतात, तेही लाइन मध्येच तुटली नाही तर. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग ४८० एमबीपीएस आहे. त्याच्या निम्मा जरी मिळाला तरी तेच काम ११-१२ मिनिटांत होते. हजारो लहान फाइली असतील, तर वेळ वाढतो.

फोन केबलने जोडल्यावर पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. पर्यायच दिसत नसेल तर केबल बदलून पाहा. बाजारात फक्त चार्जिंगच्या केबली पुष्कळ मिळतात. फोटो सहसा ‘डीसीआयएम’ फोल्डरमध्ये असतात. ते कट न करता कॉपी करा, संगणकावर काही फाइली उघडून खात्री करा आणि मगच फोनमधून काढा. आयफोनवर आयक्लाउड फोटोंसाठी ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल, तर पूर्ण आकाराचे सगळे फोटो फोनमध्ये नसतात, त्यामुळे केबलने घेतलेली प्रत अपुरी राहू शकते.

४. व्हॉट्सॲप

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल खात्यात जातो आणि तोही आता खात्याच्या जागेत मोजला जातो. व्हिडिओ वगळलात तर बॅकअप बराच लहान होतो. चॅटमध्ये दर, सवलती, उधारीचे आकडे असतात, म्हणून ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’, म्हणजे तुमच्या किल्लीशिवाय कोणालाही वाचता न येणारा कुलूपबंद बॅकअप, चालू करावा. त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली मात्र जपून ठेवा. ती हरवली तर व्हॉट्सॲपही बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

५. सिंकला बॅकअप समजू नका

सिंकचे काम सर्व उपकरणे सारखी ठेवण्याचे आहे. त्यामुळे मुनिमाने चुकून शंभर क्रमांक पुसले, तर ते सगळीकडून तितक्याच तत्परतेने पुसले जातात. गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये ३० दिवसांपर्यंत मागे जाऊन बदल रद्द करता येतात. चूक त्यानंतर लक्षात आली तर तो मार्ग बंद झालेला असतो. यासाठी दर महिन्याला संपर्कांची फाइल एक्स्पोर्ट करा, उतरवलेल्या फोटोंसह ती एका बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि डिस्क दुकानात न ठेवता घरी ठेवा.

डेटा आपल्याच संगणकावर आहे म्हणजे तो सुरक्षित आहे, असेही नाही. संगणक चोरीला जातो, दुरुस्तीला जातो. डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, म्हणजे विंडोजवर बिटलॉकर किंवा मॅकवर फाइलव्हॉल्ट, लावा, आणि आयफोनचा केबलने बॅकअप घेताना एन्क्रिप्शनच्या चौकटीत खूण करा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार लोकांचा वैयक्तिक डेटा बाळगणाऱ्यावर त्याच्या वाजवी सुरक्षेची जबाबदारी टाकलेली आहे, आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सगळी मांडणी झाल्यावर एखाद्या रविवारी घरातला जुना फोन रिसेट करा, फर्मच्या खात्याने त्यात शिरा आणि संपर्क, कॅलेंडर पूर्ण येतात का ते पाहा. डिस्कवरचे महिन्याभरापूर्वीचे एखादे बिल नाव घेऊन शोधा. तपासणी संपली की त्या फोनमधले खाते काढून टाकायला विसरू नका.