आजोबांच्या पेटीतले पाने विकायच्या आधी

हातातला वायर ब्रश आधी खाली ठेवा. वारशात आलेली प्लंबरच्या हत्यारांची पेटी उघडली की ती चकाचक करायची लहर येते, आणि 'संडासचं अ‍ॅसिड ओता' असं सांगणारे चार शहाणे भेटतातच. अ‍ॅसिडनं गंज जातो खरा, पण ठोकलेल्या अक्षरांच्या कडाही खाल्ल्या जातात.

सगळं सामान गोणपाटावर मांडा आणि फोटो काढा. पाइप पाने, चेन पाना, डायसेट (पाइपाला आटे पाडायच्या डाय), कटर, पाइप वाइस, ब्लो लॅम्प (ज्योतीनं तापवायचा दिवा) अशा राशी लावा. भोवऱ्यासारखा लाकडी ठोकळा निघाला तर पोरांना खेळायला देऊ नका. शिशाच्या पाइपाचं तोंड रुंद करायचं ते हत्यार आहे.

आता कंपनीचं नाव वाचायचं. इथं मी स्वतः माती खाल्ली आहे. बाबांचा 18 इंची पाना मी मे महिन्यात अंगणात बसून ग्राइंडरवर वायरचं चाक लावून घासला. पाच मिनिटांत दांडा आरशासारखा झाला आणि अक्षरांतली फक्त 'मेड इन' एवढी उरली. कुठलं, ते उडालं. नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत दाखवायला नेला, तर दुकानदारानं दांड्यावरून अंगठा फिरवला. "हे काऊन घासलं जी?" म्हणाला आणि पाना सरळ वजनकाट्यावर ठेवला.

म्हणून घाई नको. रॉकेल आता सहजी मिळत नाही, डिझेल चालतं. त्यात चिंधी भिजवून दांड्याला गुंडाळा आणि रात्रभर तसंच राहू द्या, देवघर-चुलीपासून लांब. सकाळी पितळी तारांच्या ब्रशनं किंवा जुन्या टूथब्रशनं हलकेच पुसा. आट्यांत पांढरा कडक थर असेल तर तो बहुतेक जुना सफेदा, म्हणजे शिसं. तो कोरडा खरवडू नका, ओलाच काढा आणि हात धुवा. मग अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरा. अक्षरं सावलीनं उठतात. तरी नाही दिसली, तर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासा.

नावाइतकंच गावही बघा. शेफील्ड म्हणजे इंग्लंड. बाहको कंपनीच्या पान्यावर एन्शॉपिंग (Enköping) असेल तर स्वीडन. 'वेस्ट जर्मनी' असेल तर माल 1949 ते 1990 मधला. रिजिड या अमेरिकन कंपनीच्या पान्यावर नॉर्थ रिजव्हिल लिहिलेलं असेल तर 1943 च्या आधीचा, कारण त्या साली कंपनी एलिरियाला गेली. भारतीय मालाच्या खोक्यावर पिनकोड असला तर तो 1972 नंतरचा. मात्र नाव दांड्यावरचं धरा. वरचा जबडा बदलता येतो आणि पुष्कळदा बदललेला असतो. दांडा वाकलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर नाव कितीही मोठं असो, काम करणारा माणूस तो घेणार नाही.

डायसेटमध्ये आणखी एक फसगत आहे. आपल्याकडच्या नळांना ब्रिटिश आटे लागतात. अर्धा इंचाला ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्हींत इंचाला 14 आटे, त्यामुळे तिथं मोजून काही कळत नाही. 1 इंचाची डाय घ्या. तिनं पाडलेले आटे इंचाला 11 भरले तर ब्रिटिश, साडेअकरा भरले तर अमेरिकन. अमेरिकन सेट इथल्या प्लंबरला निरुपयोगी.

ब्लो लॅम्प पेटवून दाखवायचा मोह आवरा. वायसर सुकलेले असतात, इंधन गळून भडका उडू शकतो.

भावाचं म्हणाल, तर भंगाराचा किलोचा दर हा तळ. चालू स्थितीतल्या पान्याला, माझ्या अनुभवात, त्याच मापाच्या नव्याच्या निम्म्याहून जास्त कोणी देत नाही. घराघरात सीपीव्हीसी, म्हणजे चिकटवून जोडायचे प्लॅस्टिकचे पाइप, आल्यापासून तर गिऱ्हाईकच कमी झालंय. हौशी लोकांचा भाव पितळी ब्लो लॅम्पला, लाकडी हत्यारांना आणि नाव शाबूत असलेल्या परदेशी पान्याला मिळतो. ऑनलाइन बघाल तेव्हा मागितलेली किंमत सोडा, विकली गेली ती बघा. आणि बाजारात पोतं घेऊन जाऊ नका. एकेक नग, यादी आणि फोटो घेऊन जा.

माझा 'मेड इन' पाना अजून घरीच आहे. गच्चीवरच्या टाकीचा नट त्याच्याशिवाय सुटत नाही.