जळगावहून जुन्या पंक बँडच्या कॉन्सर्टला जायचंय? मग आधी हे वाचून घ्या

मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे, म्हणजे अमेरिकेचा जुना पंक बँड (पंक म्हणजे छोटी, फास्ट, जोरात वाजवायची रॉक गाणी), पहिल्यांदा भारतात आले, मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर, लोलापलूझा नावाच्या म्युझिक फेस्टिव्हलमध्ये, आणि मी जाऊन आलो हे कळल्यापासून ओळखीतली पोरं एकच विचारतात की भाऊ असा कोणी जुना बँड परत आला तर नेमकं करायचं काय, मार लागतो का, एकट्याने जाता येतं का, घरी काय सांगायचं. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी काही एक्सपर्ट नाही बरं का, चाळिशीला टेकलेला जळगावचा माणूस, मुंबई-पुण्यात थोडेफार छोटे शो बघितलेले आणि हा एक मोठा, एवढंच भांडवल.

पहिली गोष्ट, हा बसून बघायचा कार्यक्रम नाही, ही वरात आहे. आपल्याकडे बेंजो पार्टी वाजायला लागली की कोणी हाताची घडी घालून उभं राहतं का? राहतात, नवरीकडचे मामा राहतात, पण त्यांचं तोंड बघितलंय ना. पंकमध्ये अर्धं गाणं पब्लिक म्हणतं, म्हणून तिकीट काढल्यावर पहिलं काम म्हणजे गाणी पाठ करणं, आणि सगळी नाही, फक्त कोरस. गाणी दोन-दोन, तीन-तीन मिनिटांची असतात, जड नाही जात. सवय नसेल तर रामोन्सपासून सुरुवात करा, न्यूयॉर्कचा बँड, १९७४ ला सुरू झालेला, त्यांचा १९७६ चा पहिला अल्बम म्हणजे १४ गाणी आणि अर्धा तास पण नाही, जळगावला गाडीत बसून लावला तर भुसावळच्या आउटरला गाडी उभी राहते तोवर संपलेला असतो. मग लंडनचे क्लॅश ऐका, मग ग्रीन डेचे १९९४ आणि २००४ चे दोन मोठे अल्बम. एवढं झालं तरी पुष्कळ. बँड टूरवर असेल तर आधीच्या शोमध्ये कोणती गाणी कोणत्या क्रमाने वाजवली ते सेटलिस्ट डॉट एफएमवर सापडतं, काही लोक म्हणतात आधी बघू नये मजा जाते, मी तर बघतो, पाणी प्यायला कधी सटकायचं ते कळतं.

घरी काय सांगायचं. आमच्या आप्पांचं म्हणणं होतं की केस रंगवलेली वाया गेलेली पोरं असतात ती. त्यांना सांगितलं की ग्रीन डे १९८७ पासून वाजवतायत आणि तिघंही पन्नाशीच्या पुढचे आहेत, बॅड रिलिजन बँडचा गायक ग्रेग ग्रॅफिन कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा प्राणिशास्त्राचा डॉक्टरेट आहे, आणि ऑफस्प्रिंग बँडच्या डेक्स्टर हॉलंडने २०१७ मध्ये मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी केली, एचआयव्हीवर. आप्पा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आणि तू बीकॉम." म्हणजे हा मुद्दा जपून वापरा.

प्रवासाचं पटकन सांगतो. कॉन्सर्टची तिकिटं कितीतरी महिने आधी निघतात पण रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होते, तर ती तारीख मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेवा, नाहीतर वेटिंगवर लटकाल. धुळेवाल्यांनी सरळ हायवेची बस धरावी. दादरला उतरलात की वेस्टर्नच्या ब्रिजवर जा, चर्चगेटकडे जाणारी स्लो लोकल घ्या, प्रभादेवी, लोअर परळ, आणि तिसरं महालक्ष्मी. सकाळी पोचून कुठेतरी दोन तास पाठ टेकवा, हे मी मनापासून सांगतोय, कारण रात्रभर जनरलमध्ये उभं राहून येऊन संध्याकाळी पहिल्याच गाण्यात पोटऱ्या धरलेला माणूस मी बघितलाय, आमच्यातलाच होता.

कपड्यांचं लोक फार टेन्शन घेतात. लेदर जॅकेट, खिळ्यांचा पट्टा, साखळ्या, काही गरज नाही. आपल्याला मेमधल्या ४५ डिग्रीची सवय आहे म्हणून मुंबईच्या मार्चला हसू नका, आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो, तिथे तो वाळतच नाही, अंगाला चिकटून बसतो, आणि खिळ्यांचा पट्टा गेटवर काढून ठेवायला लावतात ते वेगळंच. जुना सुती टीशर्ट, गुडघ्यापर्यंतची चड्डी किंवा जीन्स, पुढच्या खिशाला चेन असली पाहिजे. बूट जुने, घट्ट, पुढून बंद, आणि लेसला दोन गाठी. दोन! का ते पुढे येईल. चष्मा असेल तर मागून दोरी लावा. केस लांब असतील तर बांधा, मुलं असाल तरी.

आता कान. ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि मीच सगळ्यात जास्त भोगलीये म्हणून जरा लांबवतो. माझा पहिला शो मुंबईतल्या एका छोट्या जागी होता, दीड-दोनशे माणसं, मी हौसेने स्पीकरच्या पुढ्यात, कानात काही नाही. नंतर तीन दिवस डोक्यात रातकिडे. उशीवर डोकं ठेवलं की अजून जोरात. डॉक्टरकडे गेलो तेव्हा हिशोब कळला की ८५ डेसिबलला आठ तास चालून जातात, पण पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि असा शो १०० च्या आसपास किंवा वरच असतो, दीड-दोन तास. तर मेडिकलवर फोमचे इअरप्लग मिळतात, स्वस्त असतात, दोन जोड्या घ्या कारण एक पडतोच. आणि ते नुसते कानात खोचायचे नसतात. हात धुवून बोळा बोटांमध्ये समईची वात वळतो तसा बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली नळी सरळ होते, पटकन आत सरकवायचा आणि बोटाने अर्धा मिनिट दाबून धरायचा, तो आत हळूहळू फुगतो. नीट बसला की बाजूच्याचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं येतं आणि गंमत म्हणजे शब्द जास्त स्पष्ट कळतात, गोंगाट कमी होतो ना. घरी दोनदा प्रॅक्टिस करा, तिथे घामट बोटांनी जमत नाही.

गेटवर बाहेरचं खाणं, पाण्याची बाटली, मोठी बॅग बहुतेक ठिकाणी चालत नाही, काय चालतं त्याची यादी तिकिटासोबत येते, ती कोणी वाचत नाही. मी पण नव्हती वाचली. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळीचे वेफर्स बांधून दिलेले, कारण तिच्या हिशोबात जळगावच्या बाहेर जेवण मिळत नाही, आणि गेटच्या थोडं अलीकडे आलो तेव्हा मित्र म्हणाला हे आत नेऊ देणार नाहीत. मग काय, फुटपाथवरच फडकं उघडलं. बाजूला हिरव्या केसांची एक पोरगी आणि तिचा भाऊ, पुण्याचे, ते पण येऊन बसले, चटणी तिखट लागली तरी कोणी थांबलं नाही, आणि आठ दशम्या पाच मिनिटांत संपल्या. मला विचाराल तर संध्याकाळचं ते बेस्ट जेवण, आणि ते दोघं पुढे शेवटपर्यंत आमच्यासोबतच होते. तर खाऊन घ्या, बाहेरच, पण शोच्या दोन तास आधी, भरल्या पोटी उड्या मारल्या तर दशमी परत वर येते.

आत गेल्या गेल्या ठरवून ठेवा की चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, खांब, झेंडा, काहीतरी न हलणारं, कारण एवढ्या गर्दीत नेटवर्क बसतं आणि फोन नुसता गोल फिरत राहतो. मग जागा. एकदम पुढे लोखंडी बॅरिकेडला चिकटून उभं राहायचं असेल तर दुपारपासून उभं राहा आणि लघवीचा विचार सोडा. आवाज सगळ्यात भारी ऐकू येतो तो मैदानाच्या मधोमध साउंडवाल्याचा मंडप असतो त्याच्या जरा पुढे, कारण तो तिथे बसूनच सगळं जुळवत असतो. आणि मधे, स्टेज आणि त्या मंडपाच्या मधल्या जागेत, कुठेतरी पिट उघडतो.

पिट म्हणजे मॉश पिट, जिथे लोक एकमेकांना धडकतात. लांबून मारामारी दिसते, नसते. यातले प्रकार थोडे कळून घ्या. पोगो म्हणजे जागच्या जागी उड्या, लंडनमध्ये सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या, हे कोणालाही जमतं. सर्कल पिट म्हणजे सगळे एका दिशेने गोल पळतात, मळणीच्या खळ्यात बैल फिरायचे तसे, उलटं पळायचं नाही. गर्दी मधून फाटून दोन बाजूला सरकायला लागली आणि मधे रिकामा पट्टा दिसला तर पहिल्या वेळी गपचूप मागे या, ती दोन्ही बाजूंनी धावत येऊन आपटायची तयारी असते. हात छातीपाशी, तळवे पुढे, कोपरं आत, ढकलायचं तर खांद्याने किंवा तळव्याने, मूठ कधीच नाही. कोणी डोक्यावरून तरंगत आलं तर तळव्यांनी वर धरून पुढे द्या, आणि त्याच्या बुटांवर लक्ष ठेवा, दात तुमचे आहेत. बाईमाणूस असो की कोणी, नको तिथे हात लावणारा दिसला तर आजूबाजूच्यांना ओरडून सांगा आणि सिक्युरिटीला दाखवा. आणि कोणी पडलं की सगळं थांबवून आधी उचलायचं. यात काही सूट नाही.

माझं काय झालं तर तिसऱ्या-चौथ्या गाण्याला मी आत शिरलो, एक चक्कर मारली, दुसऱ्या चकरेत कोणीतरी टाचेवर पाय दिला आणि मी सरळ आडवा. खाली गवत आणि फक्त पाय दिसतात, शेकडो पाय, सगळे उड्या मारणारे. घाबरायला पण वेळ मिळाला नाही, तीन-चार हातांनी काखेत धरून उभा केला, एकाने पाठ झटकली, आणि ते कोण होते ते मला आजपर्यंत माहीत नाही. उभा राहिलो तर डाव्या पायात नुसता मोजा. पुढे बघतो तर एक पोरगा एक बूट डोक्यावर धरून "कोणाचाय, कोणाचाय" ओरडतोय आणि सगळे त्याला वाट देतायत. माझाच होता. एकच गाठ मारलेली. आमचा अमळनेरचा मित्र बाजूला उभा राहून अहिराणीत "सरक ना भो, सरक" करून जागा करत होता, एका अक्षराचा अर्थ कोणाला कळला नसेल, सगळे सरकले.

एक जुनी प्रथा आहे ती मात्र नका उचलू. १९७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पब्लिक आवड दाखवायला बँडवर थुंकायचं, खरंच. आपल्याकडे पुडी खाणाऱ्यांना ऐकून आनंद होईल, पण नाही.

बँड म्हातारा असला की काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. आवाज पूर्वीइतका वर जात नाही, काही जण गाणी खालच्या सुरात घेतात, मधे गप्पा जास्त मारतात, तेवढाच दम खातात. नवीन गाणं सुरू झालं की निम्मं मैदान मोबाईल काढतं, मला ते पटत नाही, तो पन्नाशीचा माणूस तीस वर्षं जुनं गाणं तर रोजच म्हणतो, त्याला खरी उत्सुकता नवीनचीच असते, त्याच्या तोंडाकडे बघा. आणि मूळचे किती जण आहेत ते मोजत बसू नका. रामोन्सचे मूळचे चौघंही गेले, शेवटचा टॉमी २०१४ मध्ये. बझकॉक्स बँडचा गायक पीट शेली २०१८ मध्ये गेला, आता त्याची गाणी स्टीव्ह डिगल म्हणतो. नोएफएक्सवाल्यांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटचा शो करून दुकानच बंद केलं. पुढच्या वेळी जाऊ म्हणणाऱ्या मित्राला ही यादी पाठवा.

फोन एका गाण्यापुरता काढा. माझ्याकडे सात व्हिडिओ आहेत, सातही व्हिडिओत मीच बेसूर ओरडतोय आणि स्टेजच्या जागी पांढरा ठिपका. आणि गिटारवर तीन-चार कॉर्ड येत असतील तर हात वर ठेवा, ग्रीन डेवाल्यांची जुनी सवय आहे पब्लिकमधून कोणाला तरी वर बोलवून गिटार हातात द्यायची. मला बाजाची पेटी येते, त्याचा उपयोग नाही झाला.

संपल्यावर लगेच धावू नका, गेटवर सगळी गर्दी एकदम होते, पंधरा-वीस मिनिटं गवतावर बसा, पाणी प्या, खिसे तपासा. शेवटच्या लोकल रात्री एकच्या आसपास असतात, त्यावर विसंबायचं तर वेळ आधी बघून ठेवा. आम्ही सीएसएमटीला येऊन वेटिंग हॉलमध्ये पाठ टेकली आणि सकाळी सहाची गीतांजली धरली. दुसऱ्या दिवशीची सुट्टी आधीच टाका, मान वळत नाही, आणि आवाज दोन दिवस येत नाही, कोमट पाणी आणि गप्प बसणं हेच औषध.

नाशिकच्या पुढे समोरच्या सीटवरच्या मावशींनी माझा बसलेला घसा, खरचटलेलं कोपर आणि मळके बूट नीट निरखले आणि विचारलं, "कोणाच्या लग्नाला गेले होते का रे भाऊ?" मी हो म्हटलं. तुम्ही पण हो म्हणा, समजावत बसू नका, बोलायला आवाज नसतो. त्यांनी पिशवीतून दोन केळी काढून दिली.