बेसबॉल इयरबुकची जुनी-नवी मुखपृष्ठं : शेजारी ठेवून कशी पाहावीत

अमेरिकेत मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक पातळीवरचा, संघ हंगामाच्या तोंडावर एक मोठ्या आकाराचं, साधारण साडेआठ बाय अकरा इंची पुस्तक विक्रीला आणतो. खेळाडूंचे फोटो, गेल्या वर्षीचे आकडे, नव्या पोरांची ओळख आणि मधेमधे जाहिराती. हे त्या संघाचं इयरबुक. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही प्रथा रुळली, १९५० च्या दशकात बहुतेक संघांनी उचलली, आणि आता बऱ्याच संघांनी ती सोडूनही दिली आहे. आपल्याकडे दलालांच्या मुखपृष्ठासाठी ‘दीपावली’चे अंक जपणारी घरं होती, तसेच तिकडे कव्हरसाठी इयरबुक जपणारे लोक आहेत.

या मुखपृष्ठांवर बोलणं निघालं की निकाल आधीच ठरलेला असतो: जुनं ते हाताचं आणि गोड, नवं ते फोटोशॉपचं आणि कोरडं. हे बघणं नव्हे, उसासा टाकणं झालं. मुखपृष्ठ हे विकण्यासाठी केलेलं चित्र आहे. त्या वर्षी नेमकं काय विकायचं होतं हे कळलं की जुनंही नीट दिसतं आणि नवंही.

पायरी १ : संघ एकच धरा

१९५३ चा ब्रुकलिन डॉजर्स आणि २०१३ चा न्यूयॉर्क यांकीज शेजारी ठेवून काही हाती लागत नाही. फरक काळाचा की संघाच्या स्वभावाचा, तेच कळत नाही. एक संघ घ्या आणि त्याची सारख्या प्रसंगाची वर्षं निवडा. न्यूयॉर्क मेट्स नवख्या माणसासाठी सोयीचा. १९६२ ला जन्मलेला, १९६९ आणि १९८६ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकलेला. म्हणजे १९७० आणि १९८७ ही दोन्ही इयरबुकं विजेत्या संघाची. प्रसंग तोच, मधे सतरा वर्षं. मग अलीकडचा एखादा वर्धापनाचा अंक त्यांच्या जोडीला ठेवा. एका बैठकीत तीन-चार कव्हरं पुरे. चाळीस पसरून बसलात तर फक्त रंग लक्षात राहतात.

पायरी २ : हातात इयरबुकच आहे ना, ते बघा

स्टेडियमवर त्या दिवसाच्या सामन्यापुरतं मिळतं ते स्कोअरकार्ड किंवा प्रोग्रॅम. पत्रकारांसाठी निघतं ते आकड्यांनी ठासलेलं, आकाराने बहुधा लहान मीडिया गाइड. विक्रेते हे सगळं एकाच नावाखाली खपवतात. शिवाय १९५० आणि ६० च्या दशकांत ‘जे पब्लिशिंग’ (Jay Publishing) यांच्यासारख्या बाहेरच्या प्रकाशकांनीही संघांची इयरबुकं काढली. ती संघाने स्वतः काढलेली नव्हेत, त्यामुळे ‘संघाला स्वतःला कसं दाखवायचं होतं’ हा प्रश्न त्यांना विचारता येत नाही. आतल्या पानावर प्रकाशकाचं नाव असतं, ते वाचा. ‘रिव्हाइज्ड’ असा शिक्का आहे का तेही पाहा. काही संघ हंगामाच्या मध्यात सुधारित आवृत्ती काढत.

पायरी ३ : चांगली प्रत मिळवा, नाहीतर चांगला स्कॅन

न्यू जर्सीत किंवा फिलाडेल्फियाकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सोपं आहे. तिथल्या जुन्या बाजारांत आणि कार्ड-शोमध्ये (खेळाडूंच्या छापील चित्रकार्डांच्या विक्री-मेळाव्यांत) सत्तर-ऐंशीच्या दशकातली इयरबुकं ढिगाने पडलेली असतात. पुण्या-नाशकात बसून बघायचं तर लिलावाच्या साइटवरचे फोटो आणि डिजिटल संग्रह. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयाचं ग्रंथालय अभ्यासकांसाठी आहे, न्यूयॉर्क राज्यात जाणं झालं तर आधी वेळ ठरवून जा.

विक्रेत्याच्या मोबाइल फोटोवरून रंगाबद्दल काहीही ठरवू नका. ट्यूबलाइटखाली पांढरा निळा दिसतो, बल्बखाली पिवळा. त्यात जुना कागद स्वतःच पिवळलेला असतो, आणि लोक त्या पिवळेपणालाच ‘काय तो उबदार रंग!’ म्हणतात. तो चित्रकाराने दिलेला नाही. कव्हरच्या आतली बाजू सहसा कमी उन्हात आलेली असते, तिथला पांढरा प्रमाण धरा. मागचं कव्हरही मागून घ्या. पुढचं चित्र कधीकधी मागेपर्यंत वळलेलं असतं आणि निम्मी गंमत तिकडे असते.

पायरी ४ : भिंग लावा

दहापट भिंग स्वस्तात मिळतं. नसेल तर ६०० डीपीआयचा स्कॅन मोठा करून बघा.

१९५० च्या दशकातलं व्यंगचित्राचं कव्हर घ्या आणि भिंग टोपीच्या कडेवर ठेवा. काळी रेषा सलग दिसेल, ठिपके नाहीत. ब्रश कुठे दाबला आणि कुठे उचलला, हे तिच्या जाड-बारीक होण्यावरून कळतं. टोपीतला निळा किंवा लाल हाही बऱ्याचदा सपाट, सलग शाईचा. तो रंग वेगळ्या प्लेटवरून आलेला असतो. चित्रकार काळ्या रेषांचं चित्र देई आणि रंगाच्या जागा वेगळ्या पारदर्शक कागदावर दाखवी. त्यामुळे रजिस्टर, म्हणजे प्लेटांचं एकमेकींवर नेमकं बसणं, जरा हललं की लाल केसभर रेषेच्या बाहेर जातो आणि दुसऱ्या बाजूला कागदाची पांढरी फट उघडी पडते. गालावरचा फिका गुलाबी मात्र ठिपक्यांचा, कारण वेगळी गुलाबी शाई परवडत नसे. लाल ठिपके विरळ करून गुलाबी काढत.

आता नव्या कव्हरवर भिंग ठेवा. सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा या चार रंगांच्या ठिपक्यांची बारीक गोलाकार नक्षी सगळीकडे. अक्षरांच्या कडाही कधीकधी तिच्यातूनच घडलेल्या. त्यावर चकाकीचा लेप, काही ठिकाणी सोनेरी फॉइल. ठिपके दिसले म्हणजे कव्हर नवं, असं मात्र धरू नका. जुन्या काळी जलरंगात किंवा तैलरंगात केलेलं चित्र छापायचं तर तेही चाररंगी ठिपक्यांतूनच जाई. सलग रेषा ही व्यंगचित्राच्या कव्हरची खूण आहे.

पायरी ५ : नायक कोण, हे विचारा

या पायरीला घाई नको.

ब्रुकलिन डॉजर्सच्या १९५० च्या दशकातल्या इयरबुकवर खेळाडू नाही, ‘बम’ म्हणजे भणंग आहे. ठिगळांचा कोट, वाढलेली दाढी, तोंडात सिगारचं थोटूक. विलर्ड मुलिन या न्यूयॉर्क वर्ल्ड-टेलिग्रामच्या व्यंगचित्रकाराने १९३७ मध्ये त्याला जन्माला घातलं. सामन्याहून निघालेल्या मुलिनला टॅक्सीवाल्याने ‘आज आपल्या भणंगांनी काय दिवे लावले?’ अशा अर्थाचं काहीतरी विचारलं, आणि त्यातून हा भणंग सुचला, असं सांगतात. हे चित्र समजायला आकडे लागतात. ब्रुकलिन १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३, अशा पाच वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजकडून हरलं होतं. असा संघ स्वतःच्या अधिकृत पुस्तकावर भणंग छापतो, तेव्हा तो चाहत्याला सांगत असतो की तुझी शिवी आम्हाला ठाऊक आहे आणि ती आपलीच आहे. १९५५ चं इयरबुक निघालं तेव्हा पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ४ ऑक्टोबरला ब्रुकलिन अखेर जिंकलं आणि दुसऱ्या दिवशी डेली न्यूजच्या पहिल्या पानावर लिओ ओमीलियाने काढलेला, दात पडलेल्या तोंडाने हसणारा भणंग विचारत होता, ‘हू’ज अ बम!’ हे पान आणि त्या वर्षीचं इयरबुक शेजारी ठेवून बघा. एकच विनोद, आधीचा आणि नंतरचा.

मेट्सचंही तसंच. मोठ्या बेसबॉलचं डोकं असलेला मिस्टर मेट १९६३ मध्ये आधी इयरबुक, प्रोग्रॅम आणि स्कोअरकार्डांवर छापून आला. मेट्सच्या ‘शे’ स्टेडियममध्ये तो हाडामांसाने वावरू लागला १९६४ ला. म्हणजे कव्हरवरचं पात्र मैदानात उतरलं. आज हे उलट चालतं: शुभंकराचा पोशाख आधी, चित्रं नंतर.

नव्या कव्हरवर नायक बहुधा एक तारा असतो, किंवा तीन-चार ताऱ्यांची मांडणी. पाठीमागे प्रकाशझोत आणि धूर. हे एका रात्रीत झालं नाही. फोटोची कव्हरं साठ-सत्तरच्या दशकांतही होती. पण १९९० ला फोटोशॉप आल्यावर वेगवेगळ्या दिवशी काढलेले खेळाडू एका चौकटीत आणणं सोपं झालं, आणि त्यानंतर प्रत्येक खेळाडू वेगळ्या दिशेच्या उजेडात उभा दिसू लागला. सावल्या तपासा, लगेच सापडेल. याला जोखीमही आहे. जून १९७७ मध्ये मेट्सने आपला तारा टॉम सीव्हर सिनसिनाटीच्या संघाला देऊन टाकला, संघाचा चेहराच गेला. असा चेहरा कव्हरवर छापून विक्रीला असेल तर उरलेला हंगाम तो काउंटरवरून बघत राहतो. भणंगाची अदलाबदल होत नाही.

या दोन टोकांच्या मधली वाट विसरू नका. फिलाडेल्फिया फिलीजचे अधिकृत चित्रकार राहिलेले डिक पेरेझ खऱ्या खेळाडूला रंगात रंगवत. १९८२ पासूनची डॉनरस कंपनीच्या खेळाडू-कार्डांवरची त्यांची ‘डायमंड किंग्ज’ मालिका याच जातीची. तारा आहे, पण हातही दिसतो. माझं मत विचाराल तर हा प्रकार अकाली मागे पडला.

अनाम फलंदाज असलेलं कव्हर मिळालं तर त्याचा चेहरा कुणासारखा आहे तेही पाहा. मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १९४७ ला ब्रुकलिनकडून उतरला. त्यानंतर कव्हरवरचा ‘सर्वसामान्य खेळाडू’ किती वर्षं गोराच राहिला, हे तुम्ही निवडलेल्या संघापुरतं शोधण्यासारखं आहे.

पायरी ६ : वर्ष सांगणाऱ्या खुणा

हे पटकन उरकतं. फलंदाजाच्या पांढऱ्या आकृतीचा मेजर लीगचा लोगो १९६९ पासूनचा. बारकोड असेल तर कव्हर १९७४ नंतरचं. घोळदार फ्लॅनेलचा गणवेश असेल तर बहुधा १९७० च्या आधीचं; त्या वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने अंगाला बसणारं डबल-निट कापड आणलं आणि बाकीचे मागून आले. चित्रकाराची सही खालच्या कोपऱ्यात शोधा. नव्या कव्हरवर ती सहसा नसते, श्रेय आतल्या पानावर बारीक अक्षरात.

पायरी ७ : खटकणारी चित्रं वगळू नका

क्लीव्हलँडच्या जुन्या कव्हरांवर लाल चेहऱ्याचा, दात विचकणारा ‘चीफ वाहू’ येतो. रेषा सफाईदार आहे, छपाई झकास आहे, आणि चित्र मूळ अमेरिकन लोकांची टिंगल आहे. तिन्ही गोष्टी लिहा. संघाने २०१९ च्या हंगामापासून तो गणवेशावरून काढला आणि २०२२ पासून गार्डियन्स हे नाव घेतलं. तुलनेत ही कव्हरं टाळली तर जुना काळ आहे त्यापेक्षा निरागस दिसतो.

पायरी ८ : रेट्रो ओळखा

बाल्टिमोर ओरिओल्सच्या टोपीवर १९६६ ला आलेला कार्टून पक्षी १९८८ नंतर गेला आणि २०१२ ला परत आला. अशा पुनरागमनासोबत ‘जुन्यासारखी’ कव्हरंही येतात: फिका कागद, घासलेल्या कडा, मुद्दाम हललेलं रजिस्टर. भिंग इथे पुन्हा काढा. खऱ्या जुन्या कव्हरचा सपाट लाल सलग असतो. रेट्रोचा लाल बहुधा ठिपक्यांतून जमवलेला, आणि कागदाचा पिवळेपणासुद्धा पिवळ्या ठिपक्यांनी छापलेला. यात फसवणूक नाही. संघ आता आठवण विकतो आहे, एवढंच. तशी नोंद करा.

पायरी ९ : नोंद आणि स्कॅन

प्रत्येक कव्हरसाठी आधी फक्त दिसतं ते लिहा: नायक, रंग किती, अक्षरं हाताची की टाइपातली, सही, किंमत. संघाचा आदल्या हंगामाचा निकाल त्याखाली. आवडलं-नावडलं सर्वांत शेवटी. फाइलच्या नावात संघ, वर्ष, आवृत्ती आणि पुढचं की मागचं कव्हर, एवढं असू द्या. मूळ प्रत ठेवायला पॉलिस्टरचं पाकीट घ्या, पीव्हीसीचं नको, ते कालांतराने चिकटतं. पिना गंजल्या असतील तर पुस्तक पूर्ण उलगडून स्कॅनरवर दाबू नका, घडीवरच फाटतं. पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी स्कॅन करा आणि संगणकावर जोडा.