जीभ, पडजीभ आणि दुसरी बारावी: फर्स्ट इयरवाल्यांसाठी

अ‍ॅनाटॉमीच्या हेड-नेकमध्ये (डोकं आणि मान) तोंड आणि घसा सुरू झाला की अर्धा वर्ग वहीत तक्ता आखायला घेतो: जिभेचा पुढचा भाग, मागचा भाग, संवेदना, चव, हालचाल. आखा. पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, प्रश्न येतो तो असा: "उजवी हायपोग्लॉसल गेली तर बाहेर काढलेली जीभ कुठे वळेल? आणि उजवी व्हेगस गेली तर पडजीभ?" हायपोग्लॉसल म्हणजे जीभ हलवणारी बारावी नर्व्ह, व्हेगस म्हणजे टाळू उचलणारी दहावी. इथे तक्ता गप्प बसतो. एक बारावी पार करून इथवर आलात. ही बारावी नर्व्ह तिच्याहून जास्त रडवते.

"जीभ लीजनच्या (इजेच्या) बाजूला, पडजीभ विरुद्ध बाजूला" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. दोन महिन्यांनी त्यातलं कुठलं कोणाचं हे उलटंपालटं होतं आणि तोंडातून नेमकं चुकीचं बाहेर पडतं. म्हणून पाठ करूच नका, स्नायू बघा. जेनिओग्लॉसस हा जिभेचा स्नायू खालच्या जबड्याच्या आतून, मधोमध असलेल्या बारीक उंचवट्यापासून निघतो आणि पंख्यासारखा मागे जिभेत पसरतो. त्याचं हाडाकडचं टोक हलत नाही. तो आकुंचला की जिभेचा मागचा भाग पुढे येतो आणि शेंडा दातांबाहेर पडतो. म्हणजे शेंड्याच्या दृष्टीने हा ढकलणारा स्नायू. आता बैलजोडी डोळ्यांसमोर आणा. उजवा बैल थकला, डावा जोरात निघाला, तर गाडी उजवीकडे वळते. जिभेचंही तेच: उजवा जेनिओग्लॉसस लुळा पडला तर डावा एकटाच ढकलतो आणि शेंडा उजवीकडे जातो.

पडजिभेला बैलजोडी नाही, रस्सीखेच आहे. व्हेगसवर चालणारा लेव्हेटर व्हेली पॅलाटिनी हा स्नायू टाळू वर आणि आपल्या बाजूला ओढतो. उजवा गेला की डावा जिंकतो, पडजीभ डावीकडे. एक ढकलतो, एक ओढतो. एवढं कळलं तर ते वाक्य खुशाल विसरा.

खरी खोच पुढे आहे. जीभ वळते ती कमजोर स्नायूच्या बाजूला. लीजन कुठल्या बाजूला, हा वेगळा प्रश्न. नर्व्हच तुटली असेल तर दोन्ही बाजू एकच. पण डाव्या मेंदूत स्ट्रोक झाला तर उजवा जेनिओग्लॉसस कमजोर पडतो, कारण त्याला येणारे मेंदूचे आदेश मुख्यतः विरुद्ध बाजूचे असतात. मग जीभ लुळ्या उजव्या हातापायाच्या बाजूला, म्हणजे लीजनपासून दूर जाते. नर्व्हच्या इजेत अर्धी जीभ आक्रसते, सुरकुतते आणि आत बारीक थरथर दिसते; स्ट्रोकमध्ये असं आक्रसणं नसतं. ही थरथर जीभ तोंडात सैल पडलेली असताना बघा, बाहेर काढलेली निरोगी जीभही थोडी हलतेच. चेहरा एका बाजूने लुळा असेल तर ओठाचा कोपरा ओढला जातो आणि सरळ जीभही वाकडी भासते. अशा वेळी शेंडा ओठांशी नाही, नाकाच्या शेंड्याच्या रेषेशी ताडून बघा. पडजीभ काहींची जन्मतःच तिरकी असते, तेव्हा "आ" म्हणताना टाळूची कुठली कमान उचलली जात नाही ते पाहा.

संवेदनेच्या तक्त्यात एकच जागा फसवी: सरकमव्हॅलेट पॅपिली, म्हणजे जिभेवरचे मोठे गोल उंचवटे. 8 ते 12 असतात, सल्कस टर्मिनॅलिसच्या (जिभेचा पुढचा आणि मागचा भाग वेगळी करणारी खाच) पुढे बसतात, म्हणून पुढच्या भागाच्या वाटतात. पण त्यांची नर्व्ह नववी, ग्लॉसोफॅरिंजिअल. कारण गर्भात घशाच्या जागी कमानी असतात, त्या आर्च; त्यातल्या तिसऱ्या आर्चचं आवरण वाढता वाढता पुढे सरकलं आणि आपली नर्व्ह सोबत घेऊन आलं. पुढचा भाग पहिल्या आर्चचा म्हणून स्पर्श लिंग्वल नर्व्हकडे. कॉर्डा टिंपनी, सातव्या नर्व्हची फांदी, त्यात फक्त चवीपुरती येऊन मिसळते. स्नायू डोक्याच्या मागच्या सोमाइटमधून (गर्भातल्या स्नायू बनवणाऱ्या गाठींमधून) आले आणि बारावी नर्व्ह ओढत आणली. पॅलाटोग्लॉसस हा स्नायू तेवढा उपरा: नावात ग्लॉसस असला तरी मुळात टाळूचा, म्हणून व्हेगसचा.

निमोनिक्सबद्दल माझं मत वाईट आहे. सीनियरच्या झेरॉक्स नोट्सबद्दल त्याहून वाईट. त्यातली एक चूक पाच बॅचेस निष्ठेने पाठ करतात. त्यापेक्षा डिसेक्शन हॉलमध्ये टेबलाजवळ उभे राहा, कोपऱ्यात नको. हायोग्लॉसस हा जिभेच्या बाजूचा चपटा स्नायू सापडला की अर्धं काम झालं. त्याच्या बाहेरून वरून खाली तीन गोष्टी जातात: लिंग्वल नर्व्ह, सबमँडिब्युलर डक्ट (जबड्याखालच्या लाळग्रंथीची नळी), हायपोग्लॉसल नर्व्ह. लिंग्वल आर्टरी मात्र त्याच्या आतल्या बाजूने. नर्व्ह आणि डक्ट ओळखण्यात हमखास गोंधळ होतो, कारण लिंग्वल नर्व्ह डक्टला बाहेरून येऊन, खालून वळसा घालून आतल्या बाजूला निघते. बोटाने दाबून बघा: नर्व्ह भरीव दोरीसारखी, डक्ट चपटी होते. तिथे स्काल्पेल चालवू नका, बोथट फोर्सेप्सने ऊती बाजूला सारा. घाई केलीत तर दोन्ही एकदम जातात. बीडीएसवाल्यांनी (दाताच्या डॉक्टरकीवाल्यांनी) ही लिंग्वल नर्व्ह खालच्या अक्कलदाढेच्या आतल्या बाजूने नीट शोधावी. तिथे ती म्यूकोसाच्या (तोंडातल्या ओलसर आवरणाच्या) लगेच खाली असते आणि दाढ काढताना दुखावली तर त्या बाजूची पुढची जीभ बधिर होते, चवही जाते.

हे घरी निम्मं दिसतं. आरशासमोर जीभ वर उचला, फ्रेनुलमच्या (जिभेखालच्या मधल्या पट्टीच्या) दोन्ही बाजूंना बारीक फुगवटे दिसतील. लिंबाची फोड चाटा, तिथूनच लाळ झरताना दिसेल. तेच त्या सबमँडिब्युलर डक्टचं तोंड.

घशाला उगाच घाबरता, तो जिभेपेक्षा सोपा आहे. कवटीच्या तळापासून सहाव्या मानेच्या मणक्यापर्यंत 12 ते 14 सेंटिमीटरची नळी, आणि घसा आवळणारे तीन स्नायू, सुपीरियर, मिडल आणि इन्फीरियर कन्स्ट्रिक्टर, एकात एक ठेवलेल्या पेल्यांसारखे. स्नायूंपेक्षा त्यांच्यामधल्या फटी विचारतात. सुपीरियर आणि मिडल यांच्या फटीतून स्टायलोफॅरिंजिअस आत शिरतो, नववी नर्व्ह सोबत. घशाचा हा एकच स्नायू नवव्या नर्व्हचा. खाली पिरिफॉर्म फॉसा, म्हणजे स्वरयंत्राच्या बाजूचा खड्डा, लक्षात ठेवा. माशाचा काटा अडकण्याची ती एक ठरलेली जागा, आणि तिथे म्यूकोसाखालून इंटर्नल लॅरिंजिअल नर्व्ह जाते. काटा ओरबाडून काढला तर तीच दुखावते, आणि स्वरयंत्राच्या वरच्या भागाला काही शिरल्याचं कळेनासं होतं.