होपी-तेवा धाटणीचं मडकं कसं रंगवावं

होपी-तेवा म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातले मूळ रहिवासी; त्यांच्या धाटणीला चाक नको. मातीच्या वळ्या रचून पसरट, रुंद खांद्याचं मडकं उभं करा, खरवडा, सावलीत वाळवा, गुळगुळीत गोट्याने घोटा. कुंभारकाम येणाऱ्याला यात अवघड काही नाही.

काळ्या रंगासाठी फर्स्ट मेसा या त्यांच्या पठारावर बीवीडचा पाला आटवून त्याचा घट्ट अर्क करतात आणि लोहदगडासोबत पाट्यावर उगाळतात. हे रोप आपल्या तिळवणीच्या गोतातलं.

आता रेघ. माझं घोडं बराच काळ इथेच अडलं होतं. दुकानातला ब्रश बाजूला ठेवा. नर्सरीतून युका या घायपातीसारख्या दिसणाऱ्या झाडाचं पान आणा, बोटभर पट्टी कापा. तिकडे तिचं टोक चावून धागे मोकळे करतात; उकळून ठेचलं तरी चालतं. बारीक रेघेसाठी दोन-चारच धागे ठेवा. ‘घायपातही चालते’ असं सांगणाऱ्याचं ऐकून ती चावू नका, तिच्या चिकाने तोंडाची आग होते.

टोकाने लिहायचं नाही. धागे आडवे टेकवून आपल्याकडे ओढायचे. कोपर मांडीवर पक्कं, फिरतं ते मडकं. मध्येच थांबलात की गाठ उमटते, आणि पुसायला गेलात तर घोटाईची चकाकी जाते. पेन्सिलीने आधी आखून घ्या, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. आखलेलं गिरवताना हात जपून चालतो आणि जपून चाललेली रेघ थरथरते. बोटांनी माप घेऊन खांद्याचे चार भाग करा, वरखालच्या चौकटीच्या रेघा मारा आणि थेट सुरू करा. आधी बाह्यरेषा, मग भरणी.

मोकळी जागा भरून टाकू नका. फर्स्ट मेसावरच्या हानो गावच्या नाम्पेयो या कुंभारणीने (सुमारे १८५९–१९४२) सिक्यात्की या उजाड गावच्या जुन्या भांड्यांवरून जी शैली पुन्हा उभी केली, तिचे वाकडे पंख आणि पिसं त्या रिकामपणातच उठून दिसतात. दाट समांतर रेघांची ‘स्थलांतर’ नक्षी मात्र तिच्या घराण्याची ओळख आहे, तिला हात लावू नका. आणि आपलं काम ‘होपी’ म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने तो गुन्हाही आहे.

भाजणी उघड्यावर, मेंढीच्या वाळलेल्या लेंड्यांत, वारा पडलेला असताना. मडकं आधी शेकून घ्या, भोवती खापऱ्या लावा. तिथली माती पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत असमान रंगते. तुमची तशी रंगेलच असं नाही.