रांजणात लपलेला राजा: ग्रीक मडक्यांवरची चित्रं कशी ओळखायची

मी चित्रकलेचा मास्तर, पण घर कुंभाराचं. म्हणून वर्गात फोटो दाखवला की आधी रंग विचारतो. लाल अंगावर काळी माणसं असली तर पद्धत जुनी. काळ्या अंगावर लाल माणसं असली तर इ. स. पूर्व ५३०च्या आसपास अथेन्समध्ये निघालेली नवी. काळा रंग बाहेरून आणलेला नव्हे, मातीचाच बारीक गाळ. आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, धूर कोंडला की सगळंच काळं होतं. मग हवा सोडली की कोरी माती परत लाल होते, पण गाळ काचेसारखा घट्ट झालेला असतो, तो काळाच राहतो. आमचे बाबा आवा लिंपून मडकी काळी करत. पुन्हा हवा द्यायची भानगड त्यांनी कधी केली नाही.

आता माणसं. चेहरे पाहत बसू नका, सगळे सारखेच. हातात काय, अंगावर काय, ते पाहा. आमचे पोट्टे त्रिशूळ दिसला की 'शंकर' म्हणतात. तो समुद्राचा देव पोसायडन. सोटा आणि सिंहाचं कातडं म्हणजे बलदंड वीर हेराक्लीस. शिरस्त्राण, भाला आणि छातीवर सापांची झालर म्हणजे अथेना देवी. जुन्या पद्धतीत बायकांची कातडी पांढरी रंगवत, पण तो पांढरा पुष्कळदा उडालेला असतो, तेव्हा लुगड्यावरून ओळखा.

सरावाला रानडुकराचं चित्र घ्या. हेराक्लीसनं जिवंत डुक्कर खांद्यावर आणलंय आणि ज्यानं ते आणायला सांगितलं तो राजा युरिस्थिअस घाबरून रांजणात शिरलाय. वर फक्त डोकं आणि हात. रानडुकरांपासून तूर राखायला रात्री जागलीला जाणाऱ्या घरची पोरं हे चित्र एका नजरेत ओळखतात, समजावावं लागत नाही.

माणसांजवळ बारीक अक्षरं दिसली तर ती बहुधा नावं. कधी उजवीकडून डावीकडे लिहिलेली. एक्सेकियास या अथेन्सच्या कुंभार-चित्रकाराच्या मडक्यावर अकिलीस आणि एजॅक्स हे दोन ग्रीक वीर डाव खेळतात, तर तोंडापाशी 'चार' आणि 'तीन' लिहिलंय, म्हणजे पडलेलं दान. हे मडकं व्हॅटिकनमध्ये आहे.

आणि फोटोत एकच बाजू येते, दुसरी शोधा. याच मडक्याच्या पाठीवर कॅस्टर आणि पॉलिड्यूसीझ हे भाऊ घरी आलेत, अन् कुत्रं एकाच्या अंगावर उड्या मारतंय.